बिऱ्हाड निघाले कल्याण-डोंबिवलीला



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यावर दोन तऱ्हेची बिऱ्हाडे दिसू लागतात. एक पूर्वेकडून येते, ते पाथर्डी, आष्टी, बीडकडच्या ऊसतोडणी टोळ्यांचे. दुसरे पश्चिमेला जाते, ते आपल्याच घरातल्या पोरांचे, कल्याण-डोंबिवलीला नाहीतर ठाण्याला. रस्ता एकच. अहिल्यानगरहून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड करीत कल्याणला उतरणारा.

थंडीत बिऱ्हाड हलवणे तसे सोयीचे. पावसाळ्यात माळशेजला दरडीची धास्ती असते आणि सामानही भिजते. शिवाय हंगामात उसाचा पैसा हाती येऊ लागतो. परंतु हाच काळ गाड्यांच्या ओढीचा. बहुतेक ट्रक उसाला लागलेले असतात. मग कुणीतरी सुचवतो, "रात्री ऊस खाली केला की गाडी मोकळीच आहे, पहाटे पोचवतो डोंबिवलीला." भाडे थोडे कमी पडते, आपणही हो म्हणतो. आमचे सांगणे एवढेच की, असे हो म्हणू नका. दिवसभर उसाच्या खेपा मारलेला ड्रायव्हर, पहाटेचे धुके आणि पुढे घाट, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याचे बिऱ्हाड आम्ही असेच पहाटे चारला काढले. ओतूरच्या अलीकडे धुक्यात एकदम उसाच्या मोळ्या काचेसमोर आल्या. दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा होता. मागे ना दिवा, ना रेडियम, ना दगडावर ठेवलेला कंदील. ड्रायव्हरने गाडी कशीबशी साइडपट्टीवर घातली म्हणून निभावले. सूनबाई आणि लेकरू मागच्या जीपमध्ये होते. त्यांच्यासमोर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

हे असे का होते, तेही समजून घेऊ. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे १७ ते २५ मीटर गेलेच. त्यानंतर भरलेली गाडी थांबायला तेवढेच किंवा जास्त अंतर लागते. दाट धुक्यात दिसतेच मुळी ३०-४० मीटर! हिशेब जुळत नाही, तिथे अपघात होतो. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, आणि भिजवणीचे रान व नदीकाठ असेल तिथे धुके अधिक धरते. ऊन वर आले की ते विरते. म्हणून सामान आदल्या दिवशी संध्याकाळी बांधून ठेवावे आणि गाडी सकाळी ऊन पडल्यावर काढावी. घाट उजेडी उतरतो आणि दुपारपर्यंत कल्याण येते.

माणसे मालावर बसवू नयेत. मालवाहू गाडीत केबिनमधल्या आसनांपुरतीच माणसे. गाद्यांवर बसून गेलेल्याला इजा झाली तर विम्याची भरपाई मिळताना अडचण येते. हाच नियम टोळ्या आणणाऱ्या गाड्यांनाही लागू आहे. भांड्याकुंड्यांवर बायालेकरं बसवून टोळी आणायची, हे आता आपण थांबवले पाहिजे.

बांधाबांधीत थंडीच्या दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खोबरेल तेल थंडीत गोठते, म्हणून डब्याचे झाकण सैल राहिले तरी कळत नाही. घाट उतरल्यावर ऊब लागून ते वितळते आणि अंथरुणात जाते. दवाने ओल्या झालेल्या गाद्या तशाच गुंडाळू नका, खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. ज्वारी-बाजरी, गहू दोन दिवस कडक उन्हात वाळवूनच पोती शिवावीत. फ्रिज उभाच न्यावा, आणि पोचल्यावर काही तास थांबून मगच चालू करावा. गॅसची टाकी ट्रकात घालू नये. ती एजन्सीकडे जमा करून बदलीचा कागद घ्यावा, त्यावर नव्या गावी जोडणी मिळते.

ट्रान्सपोर्टमार्फत सामान पाठवत असाल तर पावती घ्या आणि तिच्यावर मालाची यादी व किंमत लिहून घ्या. सन २००७ च्या रस्ते माल वाहतूक कायद्याप्रमाणे, किंमत जाहीर केली नसेल तर भरपाई ठरावीक मर्यादेतच मिळते. नुकसान झाल्यास बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही. कुणी त्याच्या नावाखाली पैसे मागितले तर देऊ नयेत.

उतरण्याचेही आधीच ठरवावे. ठाणे व कल्याण परिसरात गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते आणि वेळा बदलत राहतात, म्हणून तिथल्या पोराला आदल्या दिवशी चौकशी करायला सांगावे. म्हारळ, शहाडवरून कल्याणात शिरल्यावर डोंबिवलीला पत्रीपुलाकडून जायचे. ठाण्याला जायचे तर दुर्गाडी, कोनगाववरून नाशिक महामार्गाला लागायचे. डोंबिवलीच्या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद आहेत, मोठा ट्रक आत जात नाही. तेव्हा छोटा टेम्पो बरा. सोसायटीत सामान चढवण्याची वेळ व लिफ्टची परवानगीही आधी विचारावी.

आता आपल्या हातातली गोष्ट. ट्रेलरच्या मागे लाल परावर्तक असणे नियमाने सक्तीचे आहे. नुसते लावून भागत नाही, कारण उसाचे वाढे खाली लोंबून ते झाकते आणि चिखलाने मळते. खेप निघण्याआधी एक फडके मारावे, वाढे छाटावे, आणि गाडी बंद पडलीच तर मागे काही अंतरावर खूण ठेवावी. पाच मिनिटांचे काम आहे.

त्या रस्त्याने मागून येणारे बिऱ्हाड कुणाचे असेल, सांगता येत नाही. टोळीचे असेल, शेजाऱ्याचे असेल, आपल्याच लेकीचे असेल. ऊस आपला आहे, ट्रेलर आपला आहे, तेव्हा मागचा लाल दिवाही आपणच लावायचा आहे.