कॅन्सरवर आतून ‘शेक’ : उपचार अर्ध्यावर सोडू नका

मोलगी : गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठ्या शहरात ‘शेक’ घेऊन बाई पाच-सहा आठवड्यांनी गावी परतते. अंगावरून जाणे थांबलेले असते, दुखणे कमी झालेले असते. घरचे म्हणतात, “आता बरं वाटतंय ना, मग परत कशाला जायचं?” इथेच घात होतो. कारण राहिलेला आतला शेक हाच या उपचाराचा महत्त्वाचा भाग असतो.

शेक म्हणजे किरणोपचार. तो दोन तऱ्हेने देतात. पहिला बाहेरून, मोठ्या यंत्राखाली झोपवून, आठवड्यातले पाच दिवस. दुसरा आतून. किरण देणारा धातूचा बारीक तुकडा थेट गाठीजवळ नेऊन ठेवतात. डॉक्टर याला ‘ब्रॅकीथेरपी’ म्हणतात.

शेतकऱ्याला फरक लगेच कळेल. बाहेरचा शेक म्हणजे फवारणी. पिकावर पडते, तशी आजूबाजूलाही पडते. आतला शेक म्हणजे ठिबक, नेमके मुळाशी. शेकोटीपासून दूर सरकले की धग कमी लागते, तसेच या किरणांचेही आहे. अंतर दुप्पट झाले की जोर साधारण चौथाईवर येतो. म्हणून गाठीला भरपूर मात्रा देता येते आणि शेजारची लघवीची पिशवी व गुदाशय बरेचसे वाचतात. एवढी मात्रा बाहेरून द्यायची म्हटली तर हे अवयव भाजून निघतील.

प्रत्यक्षात काय करतात?

रुग्णाला भूल किंवा गुंगी देऊन योनीमार्गातून पोकळ नळ्या बसवतात. फोटो काढून जागा तपासतात. मग नळ्या यंत्राला जोडून सर्वजण खोलीबाहेर जातात, पण कॅमेऱ्यातून लक्ष असते. तारेच्या टोकाला असलेला तांदळाच्या दाण्याहून लहान इरिडियमचा तुकडा यंत्र आपोआप आत सोडते. काही मिनिटांनी तो पुन्हा यंत्रातल्या जाड कवचात जातो. नळ्या काढल्या की त्या वेळचा शेक संपला. असे साधारण ३ ते ५ वेळा करावे लागते. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार सुमारे ८ आठवड्यांत संपवायचा असतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात, जसे अर्धवट खुरपलेले तण.

घरच्यांना बाधा होते का?

नाही. तुकडा बाहेर काढल्यावर बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिच्या हातची भाकरी खावी, लेकरांना तिच्या मांडीवर द्यावे. थायरॉईडच्या कॅन्सरवर किरणोत्सारी आयोडीन पाजतात, ती गोष्ट निराळी. तिथे काही दिवस लहान मुले आणि गरोदर बाया यांना लांब ठेवायला सांगतात. त्यामुळे कोणता उपचार झाला, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

शेक घेताना थकवा येतो, लघवीला जळजळ होते, जुलाब होतात. हे बहुधा हळूहळू कमी होते. ताप आला किंवा जास्त रक्त गेले तर मात्र दवाखाना गाठावा. रक्त कमी असेल तर शेकाचा गुण कमी येतो. आपल्या सातपुड्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा बाईने सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे आणि पहिल्याच भेटीत सांगावे.

गुण येतो का?

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायांवर उपचार करून पाहिले. सर्वांना बाहेरचा व आतला शेक ठरवला होता, निम्म्यांना जोडीला औषधाचे इंजेक्शन होते. नुसता शेक घेतलेल्यांत ५ वर्षांनी ४६ टक्के, तर इंजेक्शनसह शेक घेतलेल्यांत ५४ टक्के बाया जिवंत होत्या. एवढ्या वाढलेल्या रोगात हा मोठा गुण आहे. रोग लवकर सापडला तर यश याहून बरेच जास्त.

लवकर शोधण्याचे काम खेड्यातही होते. त्यावेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आला : ज्या गटाला विषाणूची एकदा तपासणी देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

गावाने काय करावे?

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारे पांढरे जाणे, ही लक्षणे लपवू नयेत. आशाताईंना सांगून मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवावे. रेल्वेतही डॉक्टरांच्या दाखल्यावर रुग्णाला व सोबत्याला भाड्यात सवलत मिळते.

सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनी एक काम करावे. शेक चालू असलेल्या बाईची पुढची तारीख लिहून ठेवावी. काठीची होळी असो, आमचूर वाळवणे असो की गुजरातेत ऊसतोडीला जाणे असो, तारीख चुकू देऊ नये. सोबतीला माणूस नसेल तर तो गावाने द्यावा.