काडेपेट्या विकणारा नगरपाल आणि गल्ल्याचा हिशेब

ढोकी स्टेशनवरून आता रुंद रुळांच्या गाड्या जातात; पण जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून बार्शी लाइटची छोटी गाडी असते. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी ती सुरू झाली आणि 1911 मध्ये आपल्या ढोकीवरून लातूरला पोचली. ती उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच कॅलथ्रॉपच्या सल्ल्याने आणखी एक छोटी गाडी डोंगर चढली, ती नेरळ-माथेरानची. बार्शी लाइटला भांडवल लंडनच्या कंपनीचे होते. माथेरानच्या गाडीचे सुमारे 16 लाख रुपये मात्र मुंबईच्या एका घरातून आले. त्या घराचा कर्ता लहानपणी रस्त्यावर काडेपेट्या विकत असे. त्यांचे नाव सर आदमजी पीरभॉय.

आदमजी मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे, दाऊदी बोहरा समाजाचे. वडिलांची पेढी नाही, मोठे शिक्षण नाही. काडेपेट्यांपासून सुरुवात करून ते कंत्राटदार झाले. ब्रिटिश फौजेला तंबू, पुढे बूट आणि कातडी सामान पुरवू लागले आणि त्यांचे कारखाने उभे राहिले. हा पैसा राज्यकर्त्यांच्या फौजेच्या कामातून आला, हेही सांगितले पाहिजे.

पैशामागून मानमरातब आला. 1897 मध्ये, मुंबईत प्लेगची साथ चालू असताना, ते शहराचे नगरपाल म्हणजे शेरीफ झाले. 1907 मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. लीगचे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण ती 1907 ची लीग होती, सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करणाऱ्या जमीनदार-व्यापाऱ्यांची सभा. लाहोरचा ठराव त्यानंतर 33 वर्षांनी झाला.

या मानापदांपैकी आज कोणाला काय आठवते? नगरपालांची यादी कोणी पाठ करत नाही. माथेरानची गाडी मात्र शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येक पोराला आठवते. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये काम सुरू केले आणि 22 मार्च 1907 रोजी गाडी धावली. सुमारे 21 किलोमीटरचा घाट, रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट. ती बांधणे हा काही नुसता धर्मादाय नव्हता, तिकीट होतेच. पण चर्नी रोडला त्यांनी बांधलेले सॅनेटोरियम मात्र खैरातीचेच होते.

आमच्याकडे अशा कामाला ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात, म्हणजे देणारा गेल्यावरही चालू राहणारे दान. विहीर, झाड, दवाखाना, शाळा. हिंदू घरात पाणपोई किंवा धर्मशाळा बांधण्यामागे असते तीच भावना.

आदमजी 1913 मध्ये वारले. गोष्टीचा पुढचा भाग त्यांच्या मुलांचा आहे. मुंबईत चांदाभाई शेठ यांच्या मजारीवर एक गल्ला होता, म्हणजे नजराण्याची पेटी. भाविक त्यात पैसे टाकत. हा पैसा कोणाचा? धर्मगुरूंचा खासगी, की समाजाचा? आदमजींच्या मुलांच्या पुढाकाराने 1917 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा गेला. कागदावर वादी होते सरकारचे अॅडव्होकेट जनरल. 1921 मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी निकाल दिला : गल्ल्यातला पैसा धर्मादाय आहे आणि तो सांभाळणारा, मग तो कितीही मोठा धर्मगुरू असो, विश्वस्त म्हणून हिशेब द्यायला बांधील आहे. या दाव्याने समाजात फार कटुता आली, नातीगोती दुरावली. श्रद्धा आणि हिशेब एकाच पेटीत ठेवणे सोपे नसते.

पण तोच प्रश्न पुढे सगळ्याच धर्मांच्या संस्थांपुढे आला. 1950 मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला, धर्मादाय आयुक्त आले. देवस्थान, मठ, शिक्षणसंस्था, दवाखाना चालवणारा ट्रस्ट, सर्वांना नोंदणी आणि तपासलेले हिशेब सक्तीचे झाले. आज मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही याच कायद्याच्या आधारे. आपल्या भागातून सोलापूर-पुण्याला पेशंट घेऊन जाणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. तिथे ही सवलत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो हक्क आहे.

जकातीचेही तसेच. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा गरिबाचा असतो. देणाऱ्याने उपकार केला असे मानायचे नाही आणि अंदाजाने नव्हे, हिशेब करूनच द्यायचे. कुराणाने ज्यांना जकात द्यायची त्यांचे आठ वर्ग सांगितले आहेत. त्यांत देणाऱ्याच्या फोटोला जागा नाही.

आपल्याकडे निवडणूक जवळ आली की वह्या वाटल्या जातात, किराण्याचे किट येते, रुग्णवाहिकेवर फोटो लागतो. उद्योगातून वर आलेल्या माणसाने राजकारणात यावे, दान करावे, त्यात वाईट काही नाही. आदमजींनीही तेच केले. फक्त आपण दोन प्रश्न विचारायचे. हे काम निवडणुकीनंतर चालू राहील का? आणि याचा हिशेब कुठे बघायला मिळेल? तेरणा कारखाना कित्येक हंगाम बंद पडलेला ज्या ढोकीने पाहिला, त्या ढोकीला सामायिक पैशाची किंमत वेगळी सांगायला नको.

रमजानच्या या दिवसांत मशिदीत, मदरशात, मंदिराच्या जीर्णोद्धाराला, गणपतीच्या वर्गणीला, जिथे कुठे द्याल तिथे मोकळ्या हाताने द्या. आणि पावती मागायला लाजू नका.