चार इंची व्हाइस आणि आतला नट

हार्डवेअरच्या दुकानात बेंच व्हाइस मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" गिऱ्हाईक "चार" म्हणतं आणि सौदा तिथेच मिटतो. हा आकडा जबड्याच्या रुंदीचा. तो खोटा नसतो. पण व्हाइस काम हलू न देता धरेल का आणि किती वर्षं टिकेल, हे त्यातून कळत नाही. ते ठरतं बिडाच्या जातीवर आणि आतल्या नटवर. बिडावर रंगाचा जाड थर असतो आणि नट अंगाच्या पोटात दडलेला.

यंत्र म्हणून व्हाइस अगदी साधा. मागचा जबडा अंगासोबतच ओतलेला, पुढचा सरकता. सरकत्या भागातून जाणाऱ्या स्पिंडलचे जाड चौकोनी आटे मागच्या बॉक्स नटमध्ये फिरतात. आट्यांमधलं अंतर ५ मिमी आणि हँडलचा हात २०० मिमी धरा. एका फेऱ्यात मूठ सव्वा मीटरच्या आसपास फिरते, जबडा फक्त ५ मिमी सरकतो. म्हणजे कागदावर जोर अडीचशेपट. यातला मोठा हिस्सा घर्षण खातं, पण त्याबद्दल कुरकुर करू नये. त्या घर्षणामुळेच हँडल सोडल्यावर पकड ढिली पडत नाही. उरलेला जोरही काही शेकडो किलोंचा असतो आणि तो सगळा पेलतात नटचे मोजके आटे. हँडलला पाइप अडकवून आणखी आवळणाऱ्यांचा व्हाइस तिथेच जातो; नाहीतर सरकत्या जबड्याची मान तडकते.

मान तडकण्याचं कारण बिडात आहे. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. दाब सोसायला हे बीड पक्कं, पण ताण आला की त्याच पापुद्र्यांच्या कडेनं भेग धावते. ओतताना रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइटच्या गोळ्या होतात आणि बीड लगेच तुटण्याऐवजी आधी थोडं वाकतं. १९४० च्या दशकात अमेरिकेत लागलेला हा शोध आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये 'एसजी आयर्न' म्हणून रोजच्या बोलण्यात आहे. दुकानात 'अनब्रेकेबल' म्हणून मिळणारा व्हाइस बहुधा याच बिडाचा किंवा पोलादी ओतकामाचा. शब्दावर विसंबू नका, बिल करताना धातू कोणता ते लिहून मागा. लहान हातोडीने हळूच टिचकी मारली तर एसजी आयर्न घंटेसारखं खणखणतं, साधं बीड बद्द वाजतं. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

मग जबडे मिटवा. दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या धरून त्या ओढून बघा. एक अडकली आणि दुसरी सुटली तर जबडे समांतर नाहीत. जबडा अर्धा उघडून वर-खाली हलवा. थोडी ढिलाई चालेल, पण डुगडुगणारा जबडा कानशीखाली कामाला कधीच सपाट धरणार नाही. जबड्यांवरच्या खाचेदार पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्यावर बदलता येतात. शेवटी उलटा करून खालून बघा. वरचा रंग सगळेच गुळगुळीत देतात. ओतकामातली भोकं लांबीने बुजवलेली असतील तर ती खालीच सापडतात.

घरच्या कामाला १०० मिमी, म्हणजे चार इंची पुरतो. तो साधारण ८ ते १० किलोचा असतो, तर सहा इंची २० किलोच्या घरात जातो आणि घरातलं टेबल त्याच्या जोराला पुरत नाही. फिरत्या बुडाचा मोह टाळावा असं माझं मत. सोय वर्षातून चारदा होते आणि एक जादा सांधा रोज हलत राहतो. लाकूडकामच जास्त असेल तर हा व्हाइस घेऊच नका. त्याच्या खाचा लाकडात उमटतात. सुताराचा व्हाइस वेगळा, रुंद आणि टेबलाच्या कडेला लाकडी गालांचा.

बसवण्यात निम्मा व्हाइस असतो. उभं राहून हात दुमडला की जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला यावा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना हेच शिकवतात. मागच्या जबड्याची आतली बाजू टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर असावी, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. जागा टेबलाच्या पायाच्या वर निवडा. लाकडी स्क्रू नकोत. आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर. छिन्नी चालवताना घाव मागच्या, स्थिर जबड्याच्या दिशेने जाऊ द्या. पितळ किंवा ॲल्युमिनियम धरायचं तर पत्र्याच्या मऊ टोप्या दुमडून जबड्यांवर चढवा.

बजेट कमी असेल तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार आहेच. जुन्यात गंज चालतो, तो घासून जातो. वाकलेलं हँडल दिसलं तर समजा, पाइप लावणारा मालक होऊन गेला आहे. मानेवर वेल्डिंगची रेघ असेल तर भाव करूच नका. स्पिंडल पूर्ण बाहेर काढायला सांगा आणि नटमध्ये बॅटरीचा उजेड टाका. आट्यांचे माथे धारदार झाले असतील तर ते झिजलेत. रुंद आणि चौकोनी असतील, तर तीन इंची चकचकीत नव्या व्हाइसपेक्षा तो गंजका चार इंची घेऊन या.