वही दुसरीच्या हाती द्या

तायांनो, मी सुलतानपूरची, तुमच्यासारख्याच एका बचत गटाचं काम बघणारी. आज बोलायचं आहे, गटात पुढच्या बाया कशा तयार करायच्या यावर.

आधी माझी चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात मी पंधरा दिवस तापानं पडून होते. गटाची वही माझ्याकडे, बँकेचं कामही माझ्याकडे. बैठकच झाली नाही. ऐन पेरणीत एका ताईचं बियाण्याचं कर्ज अडकलं. इतकी वर्षं मी गट चालवला, पण माझ्या जागी उभी राहील अशी एकही बाई तयार केली नव्हती.

तेव्हा मला जामखेडची आठवण झाली. आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी त्यांनी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की बरे होऊन गेलेले लोक त्याच आजारानं परत येतात. आजाराचं मूळ गावात, दवाखाना मात्र गावाबाहेर! म्हणून 1970 साली त्यांनी जामखेडला गावागावांत आरोग्याचं काम सुरू केलं.

बायबलमध्ये गोष्ट आहे, येशूनं स्वतः आपल्या शिष्यांचे पाय धुतले. म्हणजे जो पुढे, त्यानं सेवा करायची. ख्रिस्ती मंडळींत पुढारी घडवताना ही शिकवण देतात. आरोळ्यांनी ती देवळापुरती ठेवली नाही, गावात आणली.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवल्या. पण त्या बाहेरच्या. गावानं त्यांचं ऐकलं नाही. मग गावानंच आपली एकेक बाई निवडून दिली. कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला जाऊन शिकायच्या. बाळंतपण कसं सांभाळायचं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, लस का टोचायची. गावात काय अडलं ते त्या सगळ्यांसमोर सांगायच्या, बाकीच्या उपाय सुचवायच्या. शिकलेलं गावातल्या बायांना शिकवायच्या. पगार नव्हता; पण पोटापाण्यासाठी छोटा धंदा करायलाही त्यांना शिकवलं गेलं.

1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. तरी काम थांबलं नाही, कारण ते दोघांच्याच हाती कधी ठेवलेलं नव्हतं.

तायांनो, आपण काय करू शकतो? तीन गोष्टी.

पहिली, दर महिन्याला वही लिहायला वेगळी ताई. लिहिता येत नसेल तिला शेजारी बसवा. आकडे ती बोलेल, दुसरी लिहील. बोलता बोलता तिला हिशेब कळेल.

दुसरी, बँकेत जाताना एकटीनं जाऊ नका. सोबत नवीन बाई न्या आणि तिलाच साहेबांशी बोलू द्या.

तिसरी, बैठकीत जी नेहमी गप्प बसते तिला सगळ्यात आधी विचारा.

चुका होतील, बेरीज चुकेल. होऊ द्या, आपण दुरुस्त करू. आमच्या गटात आता चार जणी वही लिहितात. परवा एकीनं माझीच चूक काढली! मनाला थोडं लागलं, पण घरी येताना वाटलं, आता मी आजारी पडले तरी कुणाची पेरणी अडणार नाही.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा, वही दुसरीच्या हाती द्या.