गळा देवाचा, आवाज सवयीचा!

आपल्याकडे दर घरात एखादे तरी गृहस्थ असे असतात, की ते न्हाणीघरात शिरले म्हणजे मनसोक्त गातात, आणि चार माणसांत कुणी "म्हणा की एखादे पद!" असा आग्रह केला, की "छे हो, आम्हांला कुठला गळा!" म्हणून हात झटकतात. शेजारच्या बिऱ्हाडात एखादी मुलगी अशी असते, की तिने तोंड उघडले की सगळी आळी "देवाची देणगी आहे हो!" म्हणून माना डोलावते. देवाने दिले नाही म्हणून गृहस्थ गात नाहीत आणि देवाने दिलेलेच आहे म्हणून मुलगी मेहनत करीत नाही. देवाच्या नावावर दोघेही मोकळे!

मी स्वतः गवई नव्हे. मराठीचा प्राध्यापक आहे. दिवसाचे तीन-चार तास वर्गात बोलायचे आणि संध्याकाळी थोडी पेटी वाजवायची, एवढाच माझा आवाजाशी संबंध. परंतु महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील गाण्याची बाजू वीस वर्षे माझ्या गळ्यात पडलेली आहे, त्यामुळे शेकडो कोवळे आवाज मी जवळून ऐकले. कित्येक फुलताना पाहिले आणि काही डोळ्यांदेखत बिघडतानाही पाहिले. त्यावरून माझे एक मत झाले आहे. गळा देवाने दिला असेल, पण आवाज घडतो तो सवयीने. आणि बिघडतो तोही सवयीनेच.

देणगी गेली, गाणे राहिले

हे मत खरे की खोटे, हे पाहायचे तर ज्यांच्याकडून देवाने आपली देणगी परत घेतली, त्यांच्याकडे पाहावे. आपल्या संगीताच्या इतिहासात अशी तीन ठळक माणसे आहेत.

पहिले अल्लादिया खाँसाहेब. त्यांचा जन्म १८५५ चा. तरुणपणी आमलेटा संस्थानात राजाच्या हौसेखातर त्यांना दिवसामागून दिवस गावे लागले आणि त्या अतिश्रमाने आवाज बसला. पुष्कळ काळाने जो आवाज परत आला, तो पहिला नव्हता. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी बांधली. पुढे ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या त्यांच्या तालमीत तयार झाल्या. मोकळ्या, भरदार आकाराने गाणारा केसरबाईंचा आवाज १९७७ साली 'व्हॉयेजर' यानातील तबकडीवरून अंतराळात गेला. त्या घराण्याच्या मुळाशी एक बसलेला आवाज आहे!

दुसऱ्या गंगूबाई हनगल. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात, तर आवाज बारीक आणि टोकदार. पुढे घशाचे दुखणे झाले, त्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला. इतका, की अनोळखी माणसाला तो पुरुषाचा वाटावा. गंगूबाई सवाई गंधर्वांकडे शिकत. त्यासाठी हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जात. तिथली तालीम मोठी चिवट. दोन-चार स्वरांचा एकेक तुकडाच पुनःपुन्हा घोटायचा, तो बसल्यावाचून पुढे जायचे नाही. स्वर असा जपून खर्चायची सवय अंगी मुरलेली असल्यामुळेच बदललेला आवाज त्यांना परका झाला नाही. त्याच धीरगंभीर आवाजावर त्या पुढे कित्येक दशके गायल्या.

तिसरे कुमार गंधर्व. मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकत असताना बालवयातच त्यांचे नाव झाले होते. तारुण्यात क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले आणि गाणे काही वर्षे बंदच राहिले. दुखणे बरे झाले, पण एक फुप्फुस निकामी झाले होते. ते पुन्हा गाऊ लागले, ते श्वासाला झेपतील अशा छोट्या, तेजस्वी स्वरावली घेऊन. आज आपण त्याला कुमारांची शैली म्हणतो.

तिघांच्याही बाबतीत हातातले आयते भांडवल गेले. मागे उरली ती तालीम, कान आणि आपल्या आवाजाची मर्यादा ओळखण्याची सवय. त्या शिदोरीवर तिघांनीही आयुष्य काढले.

देवगिरीचा निवाडा

हा विचार नवा आहे असे मात्र कुणी समजू नये. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. अभ्यासावाचूनही राग प्रकट करण्याची जी शक्ती काही आवाजांत उपजतच असते, तिला तो 'शारीर' म्हणतो. म्हणजे देणगी त्याने नाकारलेली नाही. परंतु याच ग्रंथात त्याने गायकाचे २५ दोष मोजून दाखविले आहेत, त्यांतले पुष्कळसे दोष गळ्याचे नसून सवयीचे आहेत! दात आवळून गातो तो 'संदष्ट'. गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो 'तुंबकी'. तोंड भयंकर वासतो तो 'कराली', मान वाकडी करतो तो 'वक्री' आणि गळ्याच्या शिरा फुगवतो तो 'झोंबक'. कुठल्याही गाण्याच्या स्पर्धेला जाऊन बसा, तासाभरात ही सगळी मंडळी भेटतील.

शिरा फुगल्याने काय बिघडते, हे आज नीट समजले आहे. आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. पुरुषाचे सुमारे दोन सेंटिमीटर लांब, बाईचे त्याहून आखूड. जिवंत माणसात ते गाताना कसे दिसतात, हे प्रथम १८५४ साली पाहिले ते एका गानशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचे नाव. दंतवैद्याचा लहान आरसा घशात धरून आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडून त्यांनी स्वतःचाच आवाज डोळ्यांनी पाहिला. हे गृहस्थ १०१ वर्षे जगले!

काळी चारचा षड्ज लावला, की हे तंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांना भिडतात. तार षड्जाला याच्या दुप्पट. अर्धा तास सलग षड्ज निघाला असे धरले, तर हिशेब पावणेचार लाखांच्या घरात जातो. आता जबडा आवळून, मान ताणून हेच काम त्यांच्याकडून करून घेतले, तर प्रत्येक भेटीचा तडाखा होतो. स्वरतंतू सुजतात, आणि तसेच रेटत राहिले तर त्यांवर गाठी धरतात.

पट्टीचा हट्ट

उंच पट्टीचे वेड आपल्याला रंगभूमीने लावले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून कितीतरी वर्षे नटाला ध्वनिवर्धक ठाऊक नव्हता. पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे, तर आवाज चढा हवाच. ती त्या काळाची गरज होती. पुढे ध्वनिवर्धक आला, कुजबुजही सभागृहभर ऐकू येऊ लागली. गरज संपली, पण हट्ट राहिला. "अमक्याची मुलगी काळी पाचमध्ये गाते" हे आजही आईबाप अभिमानाने सांगतात. जणू पट्टी म्हणजे परीक्षेतले गुणच!

माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी याच हट्टापायी घायाळ झाली. दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेच्या निवडीसाठी तिला दोन महिने रोज तीन-तीन तास चढ्या पट्टीत गायला लावले. घसा बसला तर गरम पाणी पिऊन पुन्हा सुरू. अखेर वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायलाही आवाज फुटेना. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिले, तर दोन्ही स्वरतंतूंवर लहान गाठी.

"सर, मी आता कधीच गायचे नाही का?" हे तिने मला वहीच्या कागदावर लिहून विचारले.

आधी काही दिवस पूर्ण मौन, मग वाचा-उपचारतज्ज्ञांनी दिलेले व्यायाम असे चार महिने गेले. गाठी विरल्या. नंतर मी तिला आमच्या गावातील एका वृद्ध बुवांकडे नेले. त्यांनी तिच्याकडून एकही गाणे म्हणवून घेतले नाही. तंबोरा लावला आणि म्हणाले, "बाळ, तू नुसती बोल. तुझे नाव सांग, गाव सांग." तिच्या बोलण्याचा स्वर कुठे बसतो, तो त्यांनी आधी ऐकला आणि तिचा षड्ज तिथून शोधला. तो निघाला काळी तीनमध्ये. त्या मुलीला मग बुवांनी एकच वाक्य सांगितले, "सूर मागून घ्यायचा असतो गं, ओरबाडायचा नसतो."

पुढच्या संमेलनात ती गायली. पट्टी खाली होती, टाळ्या बेताच्या पडल्या; पण सूर शेवटपर्यंत हलला नाही.

रोजची वीस मिनिटे

बुवांनी तिच्याकडून जे करून घेतले, ते कुणालाही करता येण्याजोगे आहे, म्हणून येथे सांगतो.

सकाळी मांडी घालून, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून बसावे. श्वास घेताना खांदे वर गेले, तर तो श्वास उथळ. श्वासपटल खाली सरकून पोट आणि खालच्या बरगड्या फुलल्या पाहिजेत. हात ठेवून पाहिले की लगेच कळते. मग तोंड मिटून हुंकार द्यावा, ओठांना बारीक कंप जाणवेल. त्यानंतर आकारात षड्ज. प्रथम दहा सेकंद पुरे. श्वास किती पुरतो, याची शर्यत लावायची नसून स्वराचा आकार पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत सारखा राहतो की नाही, हे ऐकायचे असते. समोर आरसा ठेवावा. शार्ङ्गदेवाचे दोष त्यात आपोआप दिसतात.

षड्जावरून हळूहळू मंद्रात उतरावे. खर्जाची साधना मोठी, पण तिथेही जबरदस्ती नको. स्वर सुटून नुसता वारा येऊ लागला, की थांबावे. मग सावकाश पलटे घ्यावेत आणि सर्वांत शेवटी तार सप्तकाला हात घालावा. रोज वीस मिनिटे करणारा, रविवारी तीन तास बसणाऱ्याच्या पुढे जातो. सर्दीने घसा धरला असेल त्या दिवशी मात्र रियाज कानाने करावा, गळ्याने नाही. बारा ते पंधराच्या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढत असते, आवाज फाटतो. त्या काळात त्यांना थोडे, हलके आणि खालच्या पट्टीत गाऊ द्यावे. गाणे बंद करू नये, रेटूही नये.

चकलीवर उगाच आळ

दिवाळीत घसा बसला, की आपण चकलीला दोष देतो. वास्तविक अन्नाची वाट वेगळी. खाल्लेला घास स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. तेव्हा ज्येष्ठमध आणि खडीसाखर चघळली तर घशाला बरे वाटते, यापलीकडे त्या आवाज घडवीत नाहीत. स्वरतंतूंना हवा असतो ओलावा, आणि तो दिवसभर घोट घोट पाणी पिण्याने मिळतो. त्यांचे खरे वैरी वेगळेच आहेत. तंबाखू, फटाक्यांचा धूर, आरडाओरडा, पुनःपुन्हा खाकरणे आणि रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे. त्याने पोटातले आम्ल घशापर्यंत येते. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे म्हणजे विश्रांती, हाही गैरसमज. जोराच्या कुजबुजीने ताणच पडतो. आम्हां मास्तर मंडळींनी तर हे सारे फळ्याशेजारी लिहून ठेवावे.

वाचकहो, आता पाडवा येईल. नवा संकल्प सोडण्याचा दिवस. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा मोबाईल आहे. त्यावर त्या दिवशी आपला एक षड्ज, जसा लागेल तसा, टिपून ठेवा आणि कुणालाही ऐकवू नका. मग वर्षभर रोज वीस मिनिटे. पुढच्या पाडव्याला तोच षड्ज पुन्हा टिपून दोन्ही शेजारी शेजारी ऐका. गळा तोच असेल. आवाज कुणाचा, हे मग तुमचे तुम्हीच ठरवा.