माटोळीआधीची कापणी

चतुर्थी आठ-दहा दिवसांवर आली की गोव्यातल्या पेडण्यात कोंबड्याच्या पाठोपाठ ग्रास कटर आरवायला लागतो. पाठीला इंजिन, हातात लांब दांडा, टोकाला गरगरणारी नायलॉनची दोरी, तोंडाला गमछा. यंत्र चालवणारा बहुतेक वेळा परप्रांतातला असतो. त्याच्या मागे रस्त्याकडेला हिरवा चुरा पडत जातो आणि कापलेल्या गवताचा ओला, गोडसर वास दुपारपर्यंत रेंगाळतो. तो वास मलाही आवडतो, म्हणून तक्रार करताना जरा अडखळायला होतं.

आमच्या वाड्यावर मारुतीच्या घुमटीसमोर पुरुषभर उंचीचं रुईचं झुडूप आहे. शनिवारी त्याची पानं माळेत जातात, त्यामुळे ते मुळासकट कुणी उपटत नाही. साफसफाईत मात्र दरवर्षी सापडतं. त्या सकाळी मी त्याच्यावरच्या अळ्या मोजत होतो. अकरा झाल्या आणि यंत्र वीसेक पावलांवर आलं. मी हात वर केला. त्यानं इंजिन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "साँप है क्या?"

"साँप नहीं, इल्ली."

सापासाठी थांबणारा माणूस अळीसाठी थांबेल याची मला खात्री नव्हती. पण तो आला, वाकला. मी पान उलटून धरलं. करंगळीएवढी अळी, अंगावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या आडव्या पट्ट्या, आणि मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या: एक डोक्यामागे, एक मध्ये, एक शेपटाकडे. ती पान खात नव्हती. देठाजवळ मधल्या शिरेला चावे घेत होती. पांढरा चीक बाहेर आला, टपकला, अळी मागे सरली. थोडं थांबून पुन्हा चावा. प्लंबर आधी मेन कॉक बंद करतो आणि मग पाइप उघडतो, तसा हा प्रकार. चिकाची वाट तोडून झाली की पुढचं पान कमी चिकाचं होतं, मग ती टोकाकडे वळून निवांत खायला लागते. रुईतलं विष तिला बाधत नाही. उलट ते अंगात साठवून ती पुढे फुलपाखरू होते, आणि एकदा ते फुलपाखरू खाऊन ओकलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतकं सावकाश उडतं. इंग्रजीत प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. आमच्याकडे सगळ्या फुलपाखरांना मिळून एकच शब्द, पिसोळें.

त्या माणसानं घुमटीभोवती वळसा घातला आणि हातभर जागा सोडून पुढे निघून गेला. पुढच्या उतारावरची रुई गेली. तिथं थांबवायला कुणी नव्हतं.

अमेरिकेतलं प्रसिद्ध मोनार्क फुलपाखरू या बिबळ्याचं सख्खं चुलत भावंड, दोघांचा वंश एकच, डॅनॉस. मोनार्क आपल्याकडे येत नाही. उत्तर अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत ते मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढायला जातं, आणि त्याच्या अळ्यांना लागतं रुईच्याच कुटुंबातलं मिल्कवीड. नावातच 'वीड', म्हणजे तण. त्यामुळे ते तिथंही कापलं जायचं. सेंट लुइस शहराला २०१४ साली २५० वर्षं झाली, तेव्हा महापौर फ्रान्सिस स्ले यांनी मोनार्कसाठी मिल्कवीडच्या २५० बागा उभ्या करायचं ठरवलं. त्यातल्या ५० पालिकेच्या, बाकीच्या लोकांनी आपापल्या अंगणात करायच्या. पुढच्याच वर्षी नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशननं महापौरांसाठी एक प्रतिज्ञाच तयार केली. शेकडो शहरांनी ती घेतली. त्या प्रतिज्ञेत बागा आहेत, शाळा आहेत, जत्रा आहेत. पण मला त्यातली सगळ्यात कामाची वाटते ती रुक्ष गोष्ट: सार्वजनिक जागेतलं गवत कधी कापायचं याचं वेळापत्रक बदला, आणि तणांच्या नियमांतून मिल्कवीडला वगळा.

आपल्याकडे असं काही करायला नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमानं प्रत्येक पंचायत-पालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. २००४ च्या नियमांत अध्यक्ष आणि सहापर्यंत सदस्य ठरवले होते, त्यात किमान एक तृतीयांश बायका. या समितीनं गावातल्या झाडापेडांची, जीवजंतूंची, त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंदवही ठेवायची. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, न पाळणाऱ्या राज्यांना महिना १० लाखांची तंबी दिली, आणि मग देशभर नोंदवह्या धडाधड भरल्या. डिचोलीत मयेच्या समितीसारख्या काहींनी नोंदवहीच्या पुढे जाऊन काटेकणगीसारख्या जुन्या कंदाच्या लागवडीला हात घातला. सगळीकडे तसं नाही. मी चाळलेल्या एका नोंदवहीत (गाव सांगत नाही) फुलपाखरांच्या रकान्यात एकच शब्द होता, 'विविध'.

त्याच वहीत माटोळीचं पान मात्र ओसंडून वाहत होतं. ते बायकांनी सांगितलेलं होतं, लगेच कळतं. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळंफुलं बांधायची, ही गोव्याची रीत. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. वहीत कांगलां होती, कवंडळ, शेरवड, कळलावी, घागऱ्या. यातल्या घागऱ्या मुद्दाम बघाव्यात. पिवळी फुलं, आणि शेंग वाळली की आत बिया खुळखुळतात म्हणून हे नाव. पाऊस उघडला की तुटक्या, सुकत्या घागरीच्या झुडपावर नर फुलपाखरं दाटीनं बसलेली दिसतात: निळे टायगर, पट्टेरी टायगर, तपकिरी हबशी. फुलात मध आहे, पण यांची सोंड फुलाकडे वळत नाही. ते सुकलेल्या पानाला, फुटक्या शेंगेला सोंड लावून त्यातली कडू द्रव्यं ओढतात. त्या द्रव्यातून नराचा गंध तयार होतो, आणि गंधाशिवाय मादी जवळ येऊ देत नाही. हातभर अंतरावर उभं राहिलं तरी हे नर उडत नाहीत, इतके गुंगलेले असतात.

आता बघा: घागऱ्या वाढतात रस्त्याकडेला आणि सड्याच्या काठाला. माटोळीसाठी त्या हव्यात, आणि माटोळीच्या आठवडाभर आधी रस्त्याकडेची कापणी. मग शेजारची काकी म्हापशाच्या बाजारात जाऊन घागऱ्यांची जुडी विकत आणते. मी तिला म्हटलं, दारातल्या कापल्या ना? ती म्हणाली, "तां रानटी झाड रे, तेका कोण इचारता?"

कापणी बंद करा असं मी म्हणत नाही. वळणावर समोरून येणारी स्कूटर दिसली पाहिजे, गवतात साप असतात, चतुर्थीला मुंबईहून माणसं येतात. वळणं आणि वाट साफ हवीच. पण सरळ रस्त्याला गटारापलीकडचा पट्टाही मुंडून कुणाचा फायदा होतो, हे मला कुणी सांगितलेलं नाही. वरवर नीटनेटकं करण्याची दुसरी बाजू डिचोलीच्या खाणपट्ट्यात दिसते. मातीच्या ढिगाऱ्यांवर अकेशिया लावून हिरवं केलं, पण खाली त्याच्या सुक्या पानांचा थर, त्यात दुसरं काही धड उगवत नाही. लांबून रान वाटतं. आत शिरलं की पिसोळें शोधावं लागतं. आणि त्याच तालुक्यात काजूचं उत्पन्न मोहोरावर येणाऱ्या माश्यांवर अवलंबून आहे. सातेरी माशी जुन्या झाडाच्या ढोलीत, दगडी गडग्याच्या पोकळीत राहते. बेणणी, म्हणजे झाडोऱ्याची सफाई, करताना ढोलीचं झाड गेलं की तीही गेली.

गोष्ट एवढीच आहे की नोंदवही एका कपाटात असते आणि कापणीची निविदा दुसऱ्या. दोन्ही कपाटं सचिवाच्या एकाच खोलीत. निविदेत दोन ओळी घातल्या तर पुरे: वळणं सोडून गटारापलीकडची कापणी कार्तिकानंतर, बिया पडल्यावर; आणि रुई, घागरी, शेरवड कापू नये. खर्च वाढत नाही, कमीच होतो.

घुमटीसमोरच्या अकरा अळ्यांपैकी चौघींचे कोष मला सापडले, हिरवे, सोनेरी ठिपक्यांचे, पानामागे उलटे टांगलेले. बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही. दोन ओळींचा अर्ज मी ऑक्टोबरच्या ग्रामसभेला दिला. तो 'अन्य विषयां'त गेला आणि वेळ संपल्यानं पुढे ढकलला. पुढची ग्रामसभा जानेवारीत, रविवारी सकाळी. तुमच्याही गावात असेलच. या दोन ओळी कागदावर लिहून न्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.