जिबुतीचे बंदर

तांबड्या समुद्राच्या दक्षिण मुखाशी, जेथे आफ्रिका आणि अरबस्तान एकमेकांपासून जेमतेम ३० किलोमीटरांवर येऊन थबकतात, तेथे जिबुती हे चिमुकले राष्ट्र वसले आहे. त्या सामुद्रधुनीला अरबांनी बाब-अल-मांडेब, म्हणजे आक्रंदनाचे द्वार, असे नाव दिले. जिबुतीचे क्षेत्रफळ गोव्याच्या सहापट, लोकसंख्या मात्र गोव्याहूनही कमी, १० लाखांच्या आसपास. वर्षाकाठी पडणारा पाऊस सहा इंचांच्या घरातला. आमच्याकडे आषाढातील एखाद्या दिवशी तेवढा सहज कोसळून जातो. बारमाही नदी एकही नाही आणि लागवडीची जमीन शेकडा एकसुद्धा नाही. समुद्रसपाटीखाली सुमारे १५५ मीटर खोल असलेले अस्साल सरोवर हे आफ्रिकेतील सर्वांत नीचतम स्थळ. त्याच्या काठचे मीठ उंटांवर लादून अफार लोक पिढ्यान्‌पिढ्या इथिओपियाच्या पठारावर नेत आले. निसर्गाने या भूमीला हातचे राखून न ठेवता दिलेले असे काय, तर मीठ, आणि जागा.

फ्रेंचांनी नेमकी ही जागा हेरली. त्यांनी येथून अदिस अबाबापर्यंत मीटरगेज लोहमार्ग टाकला, तो १९१७ साली पुरा झाला. बंदर परक्या सत्तेचे आणि माल डोंगरापलीकडच्या मुलखाचा, ही व्यवस्था मुरगाव बंदर आणि घाट चढून जाणारी आमची जुनी रेल्वे पाहिलेल्यांना समजावून सांगावी लागू नये. स्वातंत्र्य जिबुतीला मिळाले ते २७ जून १९७७ रोजी. आफ्रिका खंडातील फ्रेंच वसाहतींत हा शेवटचा क्रमांक. १९५८ आणि १९६७ अशा दोन सार्वमतांत फ्रान्सबरोबर राहण्याचा कौल लागल्याचे जाहीर झाले होते. त्या कौलांवर किती विश्वास ठेवावा हा निराळा प्रश्न. सत्ताधीशाच्या देखरेखीखाली मोजलेल्या मतांविषयी आम्हांस फारसा आदर वाटत नाही.

या बंदराचे भाग्य फळफळले ते मात्र शेजाऱ्यांच्या दुर्दैवाने. १९९३ साली एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनारा गेला. १९९८ साली त्या दोघांत युद्ध पेटले, तेव्हा आसाब बंदराची वाटही बंद झाली. आज १० कोटींहून अधिक वस्तीच्या इथिओपियाचा शेकडा ९० हून अधिक सागरी व्यापार जिबुतीच्या धक्क्यावरून होतो. २०१६ साली चिनी कंपन्यांनी बांधलेल्या सुमारे ७५० किलोमीटरांच्या विद्युत रेल्वेचे उद्‌घाटन झाले. धान्य, खते, तेल, यंत्रे वर जातात. कॉफी आणि गुरे खाली येतात. बंदरातील हमालापासून ट्रकचालकाला चहा विकणाऱ्यापर्यंत साऱ्यांची चूल या वाहतुकीवर पेटते.

दुसरे उत्पन्न भाड्याचे. फ्रान्सचे सैन्य तर होतेच; अमेरिका, जपान, इटली यांनीही तळ ठोकले आणि २०१७ साली चीनने देशाबाहेरचा आपला पहिला लष्करी तळ येथेच उघडला. अमेरिका एकटी वर्षाला ६ कोटी डॉलरांहून अधिक मोजते. परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या महासत्तांना एकाच वाड्यात बिऱ्हाडे देणारा हा घरमालक धूर्त खरा. २०१५ साली येमेनमधील युद्धातून आपल्या देशबांधवांना सोडविताना भारतालाही याच बंदराचा आधार झाला, हे विसरता येणार नाही.

पण भाड्याचा पैसा झिरपतो किती? बेकारी प्रचंड आहे, १९९९ पासून अध्यक्षपदी एकच व्यक्ती आहे, आणि बंदरे व रेल्वे यांसाठी काढलेल्या कर्जात चीनचा वाटा मोठा आहे. राजधानीची तहान भागविण्यासाठी पाणीसुद्धा नळाने इथिओपियातून आणावे लागते.

गिऱ्हाईक एकच असले की त्याच्या प्रत्येक हालचालीने दुकानदार दचकतो. जानेवारी २०२४ मध्ये इथिओपियाने सोमालीलँडशी किनाऱ्याबाबत समझोता केला, तेव्हा जिबुतीचे धाबे दणाणले. सोमालियाच्या संतापामुळे आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीमुळे ते प्रकरण डिसेंबरात मागे पडले. परंतु त्याआधीच, ऑगस्टमध्ये, जिबुतीने आपले उत्तरेकडील ताजुरा बंदर चालविण्यासाठी इथिओपियाला देऊ केले होते.